सूर्याच्या उष्णतेवर कारखाना आणि वीजनिर्मिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलर म्हणजे छतावरचे निळे-काळे पॅनेलच ना? हे त्याहून वेगळं काय आहे?

पॅनेल उजेडापासून थेट वीज तयार करतं. सौर औष्णिक यंत्रणा उन्हातली उष्णता गोळा करते आणि तिच्यावर पाणी, तेल, हवा किंवा मीठ तापवते. ती उष्णता तशीच वापरली की झाला औद्योगिक उपयोग. तिची वाफ करून टर्बाइन फिरवलं की झाली वीज. घराच्या गच्चीवरचा सोलर बंब याच घराण्यातला, फक्त सर्वांत धाकटा.

कारखान्यांना लागणारी ऊर्जा म्हणजे मुख्यतः वीज, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात जगभरच्या उद्योगांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च होते. दूध तापवायचं, कापड रंगवायचं, सुटे भाग धुवायचे, औषधाची पावडर सुकवायची. या सगळ्यासाठी आपण शेकडो अंशांच्या ज्वाळेवर फर्नेस ऑइल, गॅस किंवा कोळसा जाळतो, आणि काम असतं ऐंशी-नव्वद अंशांचं. सौर उष्णतेची खरी जागा तिथे आहे. विजेसाठी ती वापरायची की नाही हा दुसरा आणि बराच अवघड प्रश्न. तो पुढे येईलच.

हे तंत्र नवीन आहे का?

मुळीच नाही. १८७० च्या दशकात मुंबईच्या उच्च न्यायालयात नोकरी करणारे विल्यम ॲडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ होते. मुंबईला कोळसा जहाजाने आणावा लागे आणि महाग पडे. त्यांनी कुलाब्यातल्या आपल्या आवारात लहान लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये ऑगस्टिन मूशो एकाच मोठ्या शंकूच्या आकाराच्या आरशावर काम करत होते. ॲडम्सचं म्हणणं असं, की मोठा वक्र आरसा करण्यापेक्षा पुष्कळ सपाट आरसे वापरा. आज वाळवंटांत दिसणारे सौर मनोरे याच तत्त्वावर उभे आहेत, पण कुलाब्याचं नाव क्वचितच कोणी घेतं.

१९१३ मध्ये फ्रँक शुमन यांनी कैरोजवळ मादी इथे पन्हळीच्या आकाराचे लांब आरसे लावून नाईलचं पाणी शेतात चढवलं. पुढे स्वस्त तेल आलं आणि सगळंच मागे पडलं.

माझ्या कामाला कोणती यंत्रणा लागेल?

आधी तापमान सांगा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

साठ ते ऐंशी अंशांपर्यंत साधे सपाट संग्राहक पुरतात: काळा पत्रा, तांब्याच्या नळ्या, वर काच. त्याच्या थोडं वर, शंभरच्या आसपास जायचं तर निर्वात नळ्या. त्यापुढे ऊन एकवटावं लागतं, म्हणजे आरसे आले आणि आरशांना सूर्यामागे फिरवणारी यंत्रणाही आली. बशीच्या आकाराचे आरसे, पन्हळी आरसे किंवा जमिनीलगत पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेले फ्रेनेल आरसे दीडशे ते चारशे अंशांपर्यंतचं काम करतात. मनोऱ्यावर हजारो आरशांचं ऊन पाडलं की साडेपाचशे अंश सहज मिळतात. फ्रान्समधल्या ओदेयोच्या सौरभट्टीत तापमान ३,००० अंशांच्या वर जातं, पण ती संशोधनासाठी आहे.

तापमान जितकं वर न्याल तितकी यंत्रणा महाग, नाजूक आणि जागा खाणारी. म्हणून वाफ १० बारची आहे एवढ्यावर थांबू नका. त्या वाफेचं शेवटी होतं काय ते पाहा. पुष्कळ ठिकाणी १८० अंशांची वाफ टाकीत सोडून पाणी फक्त ६५ अंशांपर्यंत तापवलेलं असतं. तिथे वाफेची नाही, गरम पाण्याची गरज आहे.

शिर्डीला खरंच उन्हावर स्वयंपाक होतो का?

हो. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर ७३ शेफलर बशा, म्हणजे बशीच्या आकाराचे मोठे आरसे, बसवले आहेत. प्रत्येकीचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. ३० जुलै २००९ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री फारूख अब्दुल्ला यांच्या हस्ते या यंत्रणेचं उद्घाटन झालं. चांगल्या उन्हाच्या दिवशी साडेतीन हजार किलोच्या आसपास वाफ मिळेल आणि वर्षाला सुमारे एक लाख किलो एलपीजी वाचेल, असा अंदाज तेव्हा जाहीर झाला होता.

पडताळा घेऊन पाहू. ७३ बशा म्हणजे ११६८ चौरस मीटर आरसा. एक किलो वाफ करायला पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता लागते (युनिट विजेचंच, म्हणजे एक किलोवॅट-तास). म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला सव्वादोन युनिट. हा आकडा पटण्यासारखा आहे. विक्रेता याच्या दुप्पट सांगू लागला तर मात्र चहा संपवून उठावं.

शेफलर बशीची खुबी अशी की तिचा केंद्रबिंदू हलत नाही. बशी पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर दिवसभर सावकाश फिरते आणि ऋतू बदलेल तसा तिचा बाकही थोडा बदलावा लागतो. ऊन मात्र एकाच जागच्या लोखंडी रिसीव्हरवर पडत राहतं. त्यामुळे फिरते सांधे आणि लवचिक होज यांची कटकट नाही. पाणी तापलं की हलकं होऊन वर ड्रममध्ये जातं, थंड पाणी त्याच्या जागी खाली येतं. हे फिरणं आपोआप चालतं, त्याला पंप लागत नाही. वाफ पाइपातून थेट खाली स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत जाते.

तिरुमला देवस्थानात १०६ बशांची यंत्रणा याआधीच, २००२ मध्ये बसली होती. मंदिरांच्या स्वयंपाकघरांत हे जमलं याचं कारण साधं आहे. जेवण दुपारचं, ऊनही दुपारचं, आणि मागणी वर्षभर रोजची.

हे स्वयंपाकघराचं झालं. महाराष्ट्रात कारखान्यात कुठे वापरलंय?

लातूरच्या महानंद दुग्धशाळेत २००६ च्या सुमारास ‘अरुण’ नावाची एकच मोठी बशी बसली, सुमारे १६० चौरस मीटरची. आयआयटी मुंबई आणि क्लिक या कंपनीने मिळून ती विकसित केली. ती दोन्ही अक्षांवर फिरून सूर्याचा पाठलाग करते आणि दाबाखालचं पाणी तापवते. त्या उष्णतेवर दुधाचं पाश्चरीकरण. या कामाला प्रत्यक्षात ७२ अंश पुरतात, तेही १५ सेकंद. पण दुग्धशाळेत कॅन, टँकर आणि पाइपलाइन धुवायलाही गरम पाणी लागतं, तेव्हा उष्णता वाया जात नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

बॉयलर पेटवायचा. दुसरं उत्तर नाही.

सपाट संग्राहक ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावरही थोडंफार काम करतात. आरसे मात्र फक्त थेट येणारं ऊनच एकवटू शकतात. आकाश पांढुरकं झालं, धुरकं किंवा धूळ आली की आरशाचं उत्पन्न एकदम घसरतं, आपल्या अंगाला मात्र उकडतच असतं. ‘आमच्याकडे ऊन कडक असतं’ हे पुरेसं नाही. थेट किरणांची मोजणी मागा, या धंद्यात तिला डीएनआय म्हणतात. कोकणात जून ते सप्टेंबर आरसे जवळपास शोभेचे. मराठवाडा आणि सोलापूर भागात परिस्थिती बरी, पण राजस्थानइतकी नाही. वर्षाला ३०० दिवस धरून आलेलं कोटेशन आपल्या हाताने २४० ते २५० वर आणावं आणि मगच पुढचं बोलावं.

म्हणजे जुना बॉयलर ठेवायचाच?

ठेवायचाच. सौर यंत्रणा त्याला मदत करते, त्याची जागा घेत नाही. जोडणीचे दोन मार्ग आहेत. सौर वाफ थेट मुख्य हेडरला, म्हणजे कारखान्याच्या वाफेच्या मुख्य पाइपाला जोडायची, किंवा सौर उष्णतेने बॉयलरमध्ये जाणारं पाणी, म्हणजे फीडवॉटर, आधीच तापवायचं. माझा कल दुसऱ्याकडे आहे. तापमान कमी लागतं, ढग आला तरी उत्पादनाला धक्का बसत नाही, आणि बॉयलर ऑपरेटर वैतागत नाही. हेडरला जोडलं की दाबाचे चढउतार त्यालाच सांभाळावे लागतात, आणि मग एखाद्या दिवशी तो सौर बाजूचा व्हॉल्व्ह गुपचूप बंद करून टाकतो. असे बंद व्हॉल्व्ह मी पाहिलेत. वर बशा फिरताहेत, सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ आभाळात जातेय आणि खाली तेल जळतंय.

खर्च किती वर्षांत निघतो?

इंधनावर अवलंबून आहे. एक उदाहरण करून बघा. इचलकरंजी किंवा सोलापूरकडच्या एखाद्या प्रोसेसिंग युनिटला रोज १०,००० लिटर पाणी २५ वरून ७५ अंशांपर्यंत तापवायचंय. त्याला सुमारे ५८० युनिट उष्णता लागते. चौरस मीटरमागे रोज अडीच युनिट धरले तर २३० चौरस मीटर संग्राहक हवेत. एवढीच उष्णता फर्नेस ऑइलमधून घ्यायची तर ८० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला रोज साधारण ६५ किलो तेल लागेल. वर्षातले २५० दिवस धरले तर सोळा टन. याला तुमच्या दराने गुणा आणि कोटेशनच्या रकमेला त्या आकड्याने भागा.

तेल, डिझेल किंवा एलपीजी जळत असेल तर गणित बहुधा बसतं. ब्रिकेट, म्हणजे शेतीतला टाकाऊ माल दाबून केलेल्या कांड्या, जळत असतील तर अवघड होतं. भुईमुगाच्या टरफलांच्या, भुशाच्या, बगॅसच्या (उसाच्या चिपाडांच्या) ब्रिकेट इतक्या स्वस्तात मिळतात, की आपल्या एमआयडीसींमध्ये सौर उष्णतेला खरी टक्कर त्यांचीच आहे. याबद्दल माहितीपत्रकांत अवाक्षर नसतं. सरकारी अनुदानाच्या योजना येतात नि जातात, म्हणून राज्य सरकारच्या महाऊर्जा या संस्थेकडे चालू स्थिती विचारा. घसाऱ्याच्या सवलतीचं तुमच्या सीएला विचारा. अनुदान मिळालं तरच परवडणारी यंत्रणा घेऊ नका, एवढंच सांगेन.

त्यापेक्षा छतावर पॅनेल लावून विजेवरच पाणी तापवलं तर?

हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी हसण्यावारी गेला असता. आज तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

पॅनेल उन्हातली वीसेक टक्के ऊर्जा विजेत आणतं. ती साध्या हीटरला दिली तर तेवढीच उष्णता. पण उष्मापंपाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या यंत्राला दिली, तर एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता मिळते. वीस त्रिक साठ टक्के, म्हणजे चांगल्या सपाट संग्राहकाच्या बरोबरीने. शिवाय सुट्टीच्या दिवशी ती वीज दुसऱ्या कामाला येते, गरम पाणी मात्र टाकीत निवत बसतं. म्हणून ६० ते ७० अंशांच्या कामाला दोन्हींचे दर मागवल्याशिवाय ठरवू नका. १२० अंशांच्या वर साधे उष्मापंप दमतात. तिथे आरशांचं पारडं अजून जड आहे.

साखर कारखान्यांना उपयोग होईल का?

फारसा नाही. गाळपाचा हंगाम आणि स्वच्छ ऊन एकाच वेळी येतात हे खरं, पण कारखान्याच्या अंगणात बगॅसचे डोंगर असतात. वाफ करून, वीज विकूनही ते उरतं. फुकटच्या इंधनाशी कोण स्पर्धा करणार?

शेतमाल सुकवायला?

इथे मात्र मोठी संधी आहे. ५० ते ६५ अंशांची गरम हवा पुरते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून पुढे आलेल्या तरुणांनी सुरू केलेल्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या कंपनीचे सौर ड्रायर मराठवाड्यातल्या महिला कांदा, आलं, टोमॅटो सुकवायला वापरतात. माल उघड्यावर वाळवला की धूळ बसते, रंग जातो, अवकाळी पाऊस आला की सगळंच जातं. बंदिस्त ड्रायरमध्ये हे तिन्ही टळतं. बेदाण्याचं तेवढं वेगळं आहे. तासगावकडे तो शेडमध्ये सावलीतच वाळवतात, कारण थेट उन्हात रंग बिघडतो. तिथे हवा बाहेर तापवून आत सोडावी लागेल.

उन्हावर थंडावाही मिळतो म्हणे?

मिळतो, उष्णतेवर चालणाऱ्या शोषण चिलरमधून. गुजरातमधल्या गोरज इथल्या मुनी सेवा आश्रमाने १०० शेफलर बशांच्या वाफेवर रुग्णालयाची वातानुकूलन यंत्रणा चालवली. आता पॅनेल आणि साधा एसी एवढे स्वस्त झालेत, की नव्याने कोणी हे करावं असं मला वाटत नाही.

देखभाल कितपत असते?

आरसे धुणं. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

धूळ बसलेला आरसा ऊन परत फेकतो, पण इकडे तिकडे विखरून, त्यामुळे रिसीव्हरवर ते पोचतच नाही. आठवड्यातून एकदा तरी धुवावं, ऊस वाहतुकीच्या रस्त्यालगत असाल तर दोनदा. बोअरचं कडक पाणी वापरू नका. ते वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात आणि पुढे ते घासून काढताना आरशावर ओरखडे पडतात. सॉफ्टनरचं पाणी, मऊ ब्रश, आणि वेळ पहाटेची. दव असतं, काच थंड असते आणि बशी अजून सूर्याकडे वळलेली नसते. आरशाच्या कडा तपासा. कडेच्या सीलमधून ओल शिरली की मागचा चांदीचा लेप काळा पडत आत सरकतो आणि तो आरसा गेला.

दुसरं, रिसीव्हरमध्ये पाणी खेळतंय याची खात्री झाल्याशिवाय आरसा उन्हात आणू नका. कोरड्या रिसीव्हरवर ऊन पडलं की वेल्ड फाटायला फार वेळ लागत नाही. अनेक वसतिगृहांच्या गच्च्यांवर बशा आज गंजत उभ्या आहेत. तंत्र फसलं म्हणून नव्हे, तर रोज सकाळी जिना चढून त्यांच्याकडे पाहणारा माणूस कोणी नेमलाच नाही म्हणून.

परवानग्या?

गरम पाणी आणि गरम हवेचं सोपं आहे. दाबाखालची वाफ आली की बाष्पके संचालनालयाचा संबंध येतो. ड्रम आणि पाइपिंगची कागदपत्रं ऑर्डर देण्याआधी मागा. छतावर बसवणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला घ्या. बशीचं वजन हा लहान प्रश्न, वाऱ्याचा जोर हा मोठा.

आता विजेकडे वळू. सौर औष्णिक वीज कशी तयार होते?

कोळशाच्या केंद्रासारखीच, फक्त भट्टीच्या जागी आरसे. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात १९८४ ते १९९० दरम्यान पन्हळी आरशांची नऊ केंद्रं उभी राहिली, एकूण ३५४ मेगावॅट. आरशांच्या केंद्ररेषेवरच्या निर्वात नळीतून तेल वाहतं, चारशे अंशांच्या जरा खालपर्यंत तापतं, त्यावर पाण्याची वाफ होते आणि टर्बाइन फिरतं.

मनोऱ्याच्या प्रकारात तेल नसतं. बऱ्याच मनोऱ्यांत वर चढवलेलं वितळलेलं मीठ थेट तापवतात.

मीठ? खायचं?

नाही. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट. शेतकरी खत म्हणून ओळखतात ते क्षार. हे मिश्रण साधारण २२० ते २४० अंशांखाली गोठतं, म्हणून ते कायम त्याच्या वरच ठेवावं लागतं. थंड टाकीतसुद्धा २९० अंश असतात.

दिवसा तापवलेलं मीठ गरम टाकीत साठवायचं आणि सूर्य मावळल्यावर त्याच्यावर वाफ करायची. स्पेनमधल्या अंदासोल १ या केंद्रात २८,५०० टन मीठ आहे. त्यावर ५० मेगावॅटचं टर्बाइन साडेसात तास चालतं. तिथे गरम मीठ ३९० अंशांच्या आसपास असतं. मनोऱ्यात ते ५६५ पर्यंत जातं, त्यामुळे तेवढ्याच मिठात जवळपास तिप्पट उष्णता मावते. सेव्हिलजवळच्या खेमासोलारचा साठा १५ तासांचा आहे. २०११ मध्ये सुरू झाल्यावर त्याने उन्हाळ्यात चोवीस तास वीज देऊन दाखवली. ही रात्रीची वीजच या तंत्राचं खरं भांडवल आहे. साठा नसलेलं सौर औष्णिक केंद्र आज कोणी बांधू नये. दिवसाची वीज पॅनेल कितीतरी स्वस्तात देतं.

भारतात अशी केंद्रं किती आहेत?

थोडीच. राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात २०१० साली ४७० मेगावॅटची सात सौर औष्णिक कामं बोली लावून वाटली गेली. त्यातलं जेमतेम निम्मंही उभं राहिलं नाही. जैसलमेर जिल्ह्यातल्या नोख इथे गोदावरी ग्रीन एनर्जीचं ५० मेगावॅट २०१३ मध्ये सुरू झालं. रिलायन्सचं धुरसरचं फ्रेनेल केंद्र आणि आंध्रातल्या अनंतपूरचं मेघा इंजिनियरिंगचं ५० मेगावॅट २०१४ मध्ये.

बाकीच्यांचं काय बिनसलं? बोली लावताना जमिनीवर मोजलेले डीएनआयचे आकडे हाताशी नव्हते, उपग्रहाच्या अंदाजांवर भिस्त होती. मोजणी केंद्रांचं मोठं जाळं २०११ नंतर उभं राहिलं आणि काही ठिकाणी अंदाजापेक्षा कमी ऊन निघालं. वाळवंटातली धूळ हिशेबात नव्हती. नळ्या, तेल, टर्बाइन यांतलं बरंच परदेशातून यायचं. आणि या गोंधळातच पॅनेलचे भाव कोसळले. अबू रोडला ब्रह्माकुमारींनी उभारलेला ‘इंडिया वन’ हा प्रकल्प वेगळ्या वाटेने गेला. ६० चौरस मीटरच्या ७७० शेफलर बशा, प्रत्येकीच्या केंद्रावर बिडाच्या लोखंडाचा मोठा ठोकळा, उष्णता त्याच ठोकळ्यात साठलेली, आणि वीज १ मेगावॅट. स्वस्त नाही, पण आपल्याच हाताने बांधलेला आणि दुरुस्त करता येणारा.

परदेशात तरी यश आहे का?

मिश्र. कॅलिफोर्नियाचं इव्हानपाह, २०१४ मधलं, तीन मनोरे, ३९२ मेगावॅट, साठा शून्य. सकाळी गरम व्हायला नैसर्गिक वायू लागतो आणि एकवटलेल्या उन्हात पक्षी होरपळल्याने ते गाजलं. नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्सला १० तासांचा साठा होता, पण २०१६ मध्ये गरम मिठाची टाकी गळली, काम महिनोन्‌महिने बंद पडलं आणि पुढे दिवाळं निघालं. मोरोक्कोतल्या वारझाझातला नूर समूह मात्र मोठा. सौर औष्णिक भागच ५१० मेगावॅटचा. दुबईच्या वाळवंटात २६२ मीटर उंच मनोरा उभा आहे, सोबत पन्हळी आरसे, एकूण ७०० मेगावॅट. तिकडे संध्याकाळनंतरही एसी बंद होत नाहीत, मग रात्रीच्या विजेला भाव मिळणारच. चीनने दुनहुआंगला २०१८ मध्ये १०० मेगावॅटचा मनोरा चालू केला आणि त्यानंतर बांधणं थांबवलेलं नाही.

महाराष्ट्रात असा वीजप्रकल्प का नाही?

पुणे जिल्ह्यातल्या शिवे गावात थरमॅक्सने सौर उष्णता आणि बायोमास जोडून २५६ किलोवॅटचा प्रयोग केला होता. मोठा प्रकल्प नाही, आणि नसावाही. चार महिने ढग, उरलेल्या दिवसांत धुरकं, आणि ओलं शीतकरण (टर्बाइनमधून आलेली वाफ पाण्याने थंड करणं) असेल तर एका मेगावॅट-तासाला सुमारे तीन हजार लिटर पाणी. जिथे ऊन चांगलं तिथेच पाणी कमी. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात एवढं पाणी टर्बाइनला कोण देईल?

सिमेंट आणि पोलाद?

सिमेंटच्या भट्टीला १,४०० अंशांच्या वर तापमान लागतं. प्रयोगशाळांत काम चालू आहे, बाजारात काही नाही.

विक्रेत्याशी बोलताना काय विचारू?

डीएनआयचे आकडे कुठल्या स्थानकाचे आणि किती वर्षांचे आहेत. हमी कशाची देता: आरशाच्या क्षेत्रफळाची की महिन्याला मोजून मिळणाऱ्या उष्णतेची? उष्णता मोजायचं मीटर कोटेशनमध्ये आहे का? बहुतेक वेळा नसतं, आणि मग दोन वर्षांनी किती वाचलं यावर नुसताच वाद होतो. आरसा फुटला तर तो किती दिवसांत मिळेल आणि कुठून येईल? तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या ठिकाणी घेऊन चला म्हणावं, उद्घाटनाचे फोटो नकोत. तिथे गेल्यावर मालकाशी नंतर बोला. आधी बॉयलर ऑपरेटरला गाठा आणि आज सकाळी सौर बाजूचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडला ते विचारा.